बसण्याची किंमत

आमच्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या फाटकासमोर दोन वर्षांपूर्वी कॉफीचे एक दुकान निघाले. पूर्वी तेथे खताचे गोदाम होते. आता सहा लाकडी टेबले आहेत, मंद पिवळसर दिवे आहेत, भिंतीला पुस्तकांचे एक फडताळ आहे आणि गल्ल्यामागे घुरघुरणारे यंत्र आहे. हे काही आपले ठिकाण नव्हे, अशा समजुतीने मी बरेच दिवस तिकडे फिरकलो नव्हतो. गेल्या महिन्यात एका दुपारी पावसाने गाठले, म्हणून आडोशाला आत शिरलो. कॉफी ८० रुपयांची. शेजारच्या टपरीवर चहा १० रुपयांस मिळतो. वरचे ७० रुपये कशाचे, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकविणाऱ्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

उत्तर कोपऱ्यातल्या टेबलाशीच बसलेले होते. आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातील चार मुली, एक कॉफी आणि मागून घेतलेले तीन रिकामे कप. मला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या. ‘बसा, बसा’ म्हटल्यावर अवघडून बसल्या. ‘सर, आमची एसटी अडीचला आहे,’ एकीने न विचारताच खुलासा केला. तास बाराला संपतात. म्हणजे चौघींनी प्रत्येकी २० रुपये काढून अडीच तास विकत घेतले होते. ताशी ८ रुपये. कॉफी हे केवळ निमित्त. तेथे विकली जात होती ती बसण्याची जागा.

ही जागा विकत का घ्यावी लागते? मुलांना टपरीचा बाक आहे, पाराचा कट्टा आहे, कोणाच्या तरी मोटारसायकलची बैठक आहे. मुलगी टपरीवर दहा मिनिटे उभी राहिली, तर संध्याकाळपर्यंत वार्ता तिच्या गावी पोहोचते. ग्रंथालयात बोलण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. विद्यार्थिनींसाठी राखून ठेवलेल्या खोलीत परीक्षेच्या काळात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात, आणि परीक्षेचा काळ हल्ली वर्षभर चालतो. उरते ते बसस्थानक. तेथील अडीच तासांचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

शासनाने या मुलींसाठी काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दराने मिळू लागले. २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय झाला. गाव ते बसस्थानक या वाटेचा आणि वर्गाचा विचार झाला. परंतु तास संपणे आणि बस सुटणे यांमधल्या वेळाचा विचार कोणत्याही योजनेत नाही. तो वेळ ८० रुपयांच्या कपाच्या हवाली केलेला आहे.

त्याच आठवड्यात एक निवेदन माझ्यापुढे सहीसाठी आले. महाविद्यालयाच्या परिसरात ‘असले अड्डे’ नकोत, विद्यार्थिनींना तेथे जाण्यास प्राचार्यांनी बंदी करावी, असा त्याचा आशय. निवेदन आणणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांची काळजीही खोटी नाही. तथापि ही काळजी नवी नाही. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा जाहीरनामा काढला होता. लोक तेथे बसून राज्यकारभाराची चर्चा करीत, हा त्यांचा अपराध. एवढा गहजब झाला, की अवघ्या काही दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली. पुढे लॉइड्ससारखी विमा संस्था अशाच एका कॉफीगृहातून उभी राहिली. माणसे निवांत बसून बोलू लागली की काहीतरी उभे राहते. फरक इतकाच, की त्या कॉफीगृहांत बसणारे बहुतेक पुरुष होते. आमच्या गावात प्रथमच मुली बसू लागल्या आहेत, आणि खरी बोच तीच आहे. मी सही केली नाही.

परंतु सही न करण्याने प्रश्न मिटत नाही. दुकानाचा मालक आमचाच माजी विद्यार्थी. बँकेचे कर्ज काढून त्याने हा उद्योग मांडला आहे. ‘सर, या मुलींना उठा म्हणवत नाही, पण चार खुर्च्या अडीच तास एका कपावर अडल्या, तर भाडे कोठून भरू?’ असे तो म्हणाला. त्याचे गणित चुकीचे नाही. दूध महागले आहे. ब्राझील व व्हिएतनाममधील अवर्षणानंतर कॉफीच्या बीचे जागतिक भावही २०२४ च्या अखेरीस भडकले होते. उद्या त्याने माणशी एक कप सक्तीचा केला, तर त्याला दोष देता येणार नाही. तेव्हा या चौघी पुन्हा बसस्थानकावर जातील, आणि निवेदन न देताही निवेदनाचा हेतू साध्य होईल.

बसण्याची किंमत कोणी तरी दिलीच पाहिजे. ती कोणी द्यावी एवढाच प्रश्न आहे. आपल्या देशात याचे एक उत्तर पूर्वीच सापडले आहे. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून ‘इंडियन कॉफी हाऊस’ स्वतः चालविले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयासमोरच्या कॉफी हाऊसमध्ये एका कपावर तास घालविणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या.

सहकाराचा अभिमान मिरविणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड नसावे. ‘कमवा व शिका’ ही योजना आपल्या विद्यापीठांत आहेच. त्या योजनेतील विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या आवारात एक कॉफीगृह चालवावे. महाविद्यालयाने जागा द्यावी आणि भाडे मागू नये. ते होईपर्यंत विद्यार्थिनींच्या खोलीतील गठ्ठे हलवून तेथे बाके व एक पंखा लावण्यास कोणत्याही मंजुरीची गरज नाही. प्राचार्यांकडे जावयाचेच असेल, तर त्यासाठी जावे. तशा निवेदनावर मी पहिली सही करीन.