भेगाळलेली काडतुसे

एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात असलेल्या ब्रिटिश फौजेची एक हकिकत सांगितली जाते. पावसाळ्यात काडतुसांचे साठे घोड्यांच्या पागांत ठेवले जात. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तो कित्येक काडतुसांच्या पितळी नळ्यांना भेगा पडलेल्या दिसत. हा ऋतूचाच दोष समजून इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. खरा उलगडा १९२१ साली झाला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेला भिडे आणि नळी घडविताना धातूत कोंडून राहिलेल्या ताणामुळे ती तडकत असे.

हा धडा आजही शिळा झालेला नाही. अमेरिकेत पुष्कळ नेमबाज आपली काडतुसे घरीच भरतात. उडालेली नळी दाबून पुन्हा मापात आणावयाची, तीत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवावयाची. प्रत्येक खेपेस नळीच्या गळ्यातील ताण वाढतो. म्हणून जाणते लोक तो गळा अधूनमधून बेताने तापवून मऊ करतात आणि भरलेली काडतुसे अमोनियापासून दूर ठेवतात. चामड्याच्या पट्ट्यातही ती कायमची खोवून ठेवीत नाहीत. चामड्यामुळे पितळेवर हिरवा गंज चढतो.

परंतु खरा घरभेदी आतच बसलेला असतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची जुनी काळी दारू कोरडी ठेवली की पिढ्यान्‌पिढ्या टिके. आजची धूरहीन दारू नायट्रोसेल्युलोजची. ती आपोआप, अतिशय मंद गतीने, विघटित होत असते. त्यातून निघणारे वायू विघटनाचा वेग आणखी वाढवितात आणि उष्णता त्यास हातभार लावते. हे वायू शोषून घेण्यासाठी दारूत डायफेनिलअमाइनसारखे द्रव्य मिसळतात. परंतु तेही हळूहळू खर्ची पडते. फ्रान्समधील तुलाँ बंदरात १९०७ साली ‘इएना’ आणि १९११ साली ‘लिबेर्ते’ या युद्धनौका स्फोटांनी उद्ध्वस्त झाल्या, त्याचा दोष बिघडलेल्या दारूवरच ठेवण्यात आला. शेकडो माणसे प्राणास मुकली.

म्हणून काडतुसे थंड, कोरड्या आणि फारसा चढउतार नसलेल्या हवेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. डब्यावर भरल्याची तारीख, दारूचा प्रकार आणि तिचे वजन लिहावे. बंद काडतुसाच्या पोटात काय आहे, हे नंतर डोळ्यांना कळत नाही. दारूच्या डब्यातून उग्र, आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती दारू वापरू नये.

आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस भरणे हा गुन्हा आहे. तथापि एखाद्या घराच्या माळ्यावर, तापणाऱ्या पत्र्याखाली, आजोबांच्या बंदुकीची काडतुसे अद्याप पडून असतील. ती उघडून पाहू नयेत, उडवूनही पाहू नयेत. पोलीस ठाण्यास कळवावे. वर्षानुवर्षे कोणी हात लावला नाही, एवढ्याने ती जशीच्या तशी राहिली असतील, असे मात्र समजू नये.