सपाटीवरची डोंगरी सायकल : ईरी कालव्याच्या काठाने

डोंगरासाठी घडविलेली सायकल सपाट शेतीच्या मुलखात कशासाठी न्यायची, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर मिळवावयाचे तर अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ईरी कालव्याकडे जावे. ऑल्बनी ते बफेलो असा सुमारे ३६० मैलांचा सायकलस्वारांचा व पादचाऱ्यांचा मार्ग आज या कालव्याच्या आश्रयाने उभा आहे. त्यावरून जाताना तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात : सपाटी कशी घडली, तिच्यावर सायकल कशी चालते, आणि काम संपलेली वाट टिकते कशी.

प्रथम सपाटीचा विचार करू. १८१७ च्या ४ जुलैला खोदकामास आरंभ झाला आणि १८२५ च्या ऑक्टोबरात कालवा खुला झाला. लांबी ३६३ मैल, रुंदी ४० फूट आणि खोली अवघी ४ फूट. काम पाहणाऱ्या प्रमुखांपैकी कोणीही अभियांत्रिकीच्या विद्यालयात शिकलेला नव्हता. ते कामावरच शिकले. बफेलो हडसन नदीपेक्षा सुमारे ५६५ फूट उंचावर. ही उंची ८३ लॉकांत वाटून दिली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद : पाणी भरले की आतली नाव वर चढते, सोडले की खाली उतरते. दोन लॉकांमधला कालवा मात्र जवळजवळ पाणसळीत असतो. त्याच्या काठच्या वाटेने खेचरे चालत आणि लांब दोराने नावा ओढीत. पाण्याला चढ मानवत नाही, म्हणून खेचरालाही फारसा चढ नव्हता. आणि म्हणूनच आज सायकलस्वारालाही नाही.

लॉकपोर्टपासून रॉचेस्टरच्या दिशेने सुमारे ६० मैल एकही लॉक नाही. दोहो बाजूंना मका, कोबी आणि सफरचंदाच्या बागा. उत्तरेच्या ऑन्टारिओ सरोवराचे गार पाणी वसंतात झाडांचा मोहर लांबवते; त्यामुळे उशिराच्या हिमातून तो बचावतो. जेथे जमीन खोल जाते तेथे कालवा मातीच्या भरावावरून नेलेला आहे, आणि आपण शेतांच्या वरून चालल्याचा भास होतो. मदायना गावाजवळ तर गाडीरस्ता कालव्याच्या पोटाखालून जातो. ही सपाटी निसर्गाने आयती दिली असे पाहणाऱ्यास वाटते. पण पुष्कळ ठिकाणी ती फावड्याने आणि घमेल्याने केलेली आहे.

आता सायकल. या वाटेवर बऱ्याच ठिकाणी डांबर नाही, दगडाची बारीक कच दाबून बसविलेली आहे. पावसानंतर ती मऊ पडते आणि अरुंद टायर तिच्यात रुततो. डोंगरी सायकलचा दोन इंची टायर भार अधिक जागेवर पसरतो. त्यात हवा कमी ठेवता येते. त्यामुळे खडा आला तर टायर तेवढ्यापुरता दबतो, सारी सायकल आणि वरचा माणूस उचलला जात नाही. मात्र पुढची स्प्रिंग सपाटीवर फारशी उपयोगी नाही; जोर लावताना ती खालीवर होऊन श्रम खाते, म्हणून ती बंद ठेवावी. खोल खाचांच्या टायरापेक्षा गुळगुळीत रुंद टायर येथे बरा.

आणि यात नवल नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियात ज्यांनी डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या, त्यांच्या सायकली तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, फुगीर टायरांच्या आणि गावातल्या रस्त्यांसाठी बनविलेल्या होत्या. डोंगरी सायकलची आजी सपाटीवरचीच होती!

सपाटीवर चढ नसला तरी वारा असतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या तोंडावर तितक्याच वेगाचा वारा आला, की तो रोध चौपट होतो. डोंगराला माथा असतो आणि माथ्यापुढे उतार; समोरच्या वाऱ्याला माथा नाही. या मुलखात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाणते लोक बफेलोहून निघून ऑल्बनीकडे जातात. वारा पाठीशी राहतो आणि एकूण उतारही त्याच बाजूला आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कालवा झाल्यावर बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्याचा खर्च शंभर डॉलरांवरून दहाच्या आसपास आला. पण पुढे आगगाडी आली. १९१८ मध्ये यंत्रनौकांसाठी रुंद केलेला नवा कालवा सुरू झाला आणि खेचरांची वाट निरुपयोगी ठरली. सिरॅक्यूज शहराने आपला जुना कालवा बुजवून त्यावर हमरस्ता केला. त्या काळी हा व्यवहारी विचार होता. परंतु जेथे काठ तसाच राहिला तेथे वाट दुरुस्त करणे सोपे गेले, आणि सिरॅक्यूजमध्ये मात्र २०२० साली राज्यमार्ग पुरा करताना त्याच हमरस्त्याच्या मधोमध सायकलींसाठी नवी पट्टी बांधावी लागली. सार्वजनिक जमिनीची सलग पट्टी एकदा तुटली, की ती जोडण्याचा खर्च पुढच्या पिढीवर पडतो.

याला दुसरीही बाजू आहे. काठ हा आधी पाण्याची भिंत आहे, मग रस्ता. १९७४ मध्ये बुशनेल्स बेसिन येथे ईरीचा बांध फुटून खालच्या वस्तीत पाणी शिरले. २०१८ मध्ये पुण्यात मुठा कालवा फुटला तेव्हा आपणही तेच पाहिले. म्हणून कालव्याकाठच्या वाटेची मागणी करणाऱ्या नागरिकाने बांधाच्या देखभालीचीही मागणी तितक्याच आग्रहाने केली पाहिजे. बांध पक्का असेल तरच त्याच्यावरची वाट टिकेल.