गिरणीची वीज आणि मुळशीची भातखाचरे

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली. यंत्रे वाफेची, आणि वाफेला लागणारा दगडी कोळसा तर मुंबईच्या आसपास कोठेच नाही. आधी तो इंग्लंडहून जहाजाने येई, पुढे बंगालहून. कापूस जवळचा, मजूर कोकणातले आणि देशावरचे, शक्ती मात्र लांबची, असा हा धंदा होता.

कोळशाला पर्याय सह्याद्रीत होता. घाटमाथ्यावर पाऊस उदंड, आणि पश्चिमेला कडा जवळजवळ ५०० मीटर एकदम खाली उतरतो. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. एक घनमीटर पाणी (१००० किलोग्रॅम) ५०० मीटर खाली आले, तर वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराने सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वाटेतली घट धरूनही घनमीटरमागे एक युनिट सहज हाती येते. लोणावळा, वळवण आणि शिरवटा तलावांचे पाणी नळांतून खाली आणून टाटांचे खोपोली केंद्र १९१५ साली सुरू झाले. गिरण्यांत विजेच्या मोटारी फिरू लागल्या.

कोळशात ऊर्जा आधीच साठलेली असते. पावसाचे तसे नाही. तो चार महिने पडतो आणि गिरणी बारा महिने चालते. म्हणजे पाणी साठवणे आले, आणि साठवायला खोरे हवे. मुलांना विचारावे: अशी खोरी रिकामी असतात काय? मुळा नदीचे खोरे तर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकवत होते. तेथे मुळशीला धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण झालेच, आणि १९२७ साली त्याच्या पाण्यावर भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. मुंबईला वीज मिळाली, खाचरे पाण्याखाली गेली.

आणखी एक बदल नकाशावर बोट ठेवून दाखवता येईल. मुळेचे पाणी मूळचे भीमा-कृष्णेवाटे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. धरणात अडलेले पाणी आता भिऱ्याला उतरून कुंडलिकेतून अरबी समुद्रात जाते. त्यामुळे कोलाडजवळ ही नदी भर उन्हाळ्यातही वाहते, आणि तिच्या काठची शेती व वस्ती या पाण्यावर विसंबली आहे. तिकडे भीमा खोऱ्यातून मात्र हेच पाणी परत पूर्वेला सोडण्याची मागणी होत असते.