विश्लेषण : जोडणीचा वेग बदलला, हे नेटवर्कला कसे कळते?

सातबारा किंवा दाखला काढायला गेल्यावर ‘लिंक नाही’ हे उत्तर गावोगावी ओळखीचे आहे. दर वेळी केबल तुटलेलीच असते असे नाही. कधी जोडणीची स्थिती बदललेली असते, पण यंत्रणेतील नोंद जुनीच राहते. वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या हिंगणीसारख्या, बोर जंगलालगतच्या गावासाठी हा फरक मोलाचा ठरतो.

जोडणीत नेमके काय बदलते?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या, आता ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०२३ मधील सुधारित आराखड्यात फायबरच्या कड्यावर, म्हणजे ‘रिंग’वर भर आहे. एका बाजूने केबल तुटली, तर माहिती उलट्या वाटेने जाते. सेवा टिकते, पण अंतर आणि विलंब बदलतो. मायक्रोवेव्ह जोडणीत मुसळधार पावसाने सिग्नल क्षीण होतो; संपर्क टिकवण्यासाठी उपकरण स्वतःच वेग कमी करते.

चूक कुठे होते?

शेकडो राउटरच्या सेटिंग एका ठिकाणाहून सांभाळणाऱ्या ‘कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट’ सॉफ्टवेअरमध्ये ‘वेग १ गिगाबिट’ असा कायमचा आकडा लिहिला, तर पावसात वेग घटूनही राउटर त्याच वाटेने पूर्ण भार पाठवत राहतो. मग पान उघडता उघडत नाही.

उपाय काय?

एसटीचे छापील वेळापत्रक वेगळे आणि गाडी आत्ता कुठे आहे, ही माहिती वेगळी. तसेच ‘काय हवे’ आणि ‘प्रत्यक्ष काय आहे’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ने मार्च २०१८ मधील आरएफसी ८३४२ मध्ये हीच मांडणी केली. त्यावर तीन नियम :

• वेग, विलंब उपकरणाकडून वाचावा. हाताने लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये.

• जोडणी सतत चालू-बंद होत असेल, तर ती स्थिरावेपर्यंत थांबावे. प्रत्येक झटक्याला सेटिंग बदलल्यास गोंधळ वाढतो.

• परतीची वाट ठेवावी. ज्युनिपरच्या राउटरमध्ये ‘कमिट कन्फर्म्ड’ आज्ञेनंतर १० मिनिटांत दुजोरा न मिळाल्यास जुनी सेटिंग आपोआप परत येते.

गावासाठी महत्त्वाचे काय?

तिसरा नियम. चुकीच्या सेटिंगने संपर्कच तुटला, तर ती दुरून सुधारता येत नाही. तंत्रज्ञाला गावात जावे लागते. तोवर दाखल्यासाठी आलेल्या माणसाची मजुरी बुडते.