आकाशवाणीचा दिवस : बोलणं पोचतं कसं?

रेडिओ म्हटलं की बहुतेकांना आधी गाणी आठवतात. पण आकाशवाणीच्या एखाद्या प्रादेशिक केंद्राचा दिवसभराचा कार्यक्रम कागदावर मांडून पाहिला, तर त्यात बोलण्याचा वाटा बराच मोठा दिसतो. सकाळी चिंतन, बातम्या, हवामान, बाजारभाव, दुपारी महिलांसाठी काही, संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी, रात्री भाषण, मुलाखत, श्रुतिका आणि पुन्हा बातम्या.

हे सगळं बोलणं स्टुडिओतून निघतं आणि कुठल्या तरी दूरच्या गावातल्या कानापर्यंत जातं. या लेखात आम्ही अशा एका दिवसाच्या मागोमाग जाणार आहोत आणि एकच प्रश्न विचारणार आहोत : बोलणं पोचतं म्हणजे नेमकं काय होतं? या प्रश्नाला दोन बाजू आहेत. एक, लहर पोचणं. दुसरी, अर्थ पोचणं. पहिली बाजू भौतिकशास्त्राची आहे. दुसरी आपणा शिक्षकांच्या रोजच्या अनुभवातली आहे. रेडिओच्या बाबतीत या दोन्ही बाजू एकमेकींत चांगल्याच गुंतलेल्या आहेत.

सकाळ : कानासाठी लिहिलेलं

वर्तमानपत्रातलं वाक्य समजलं नाही तर आपण पुन्हा वाचतो. रेडिओवरचं वाक्य एकदाच येतं आणि जातं. म्हणून रेडिओसाठी लिहिताना वाक्यं लहान ठेवतात, एका वाक्यात एकच माहिती देतात, आणि मोठे आकडे शक्य तिथे सोपे करून सांगतात. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’, ‘सात’ आणि ‘साठ’ हे कागदावर वेगळे दिसतात, पण खरखरीत सहज मिसळतात.

ते का मिसळतात? माणसाच्या बोलण्यातले ध्वनी साधारण १०० हर्ट्झपासून ८,००० हर्ट्झच्याही पुढे पसरलेले असतात. अ, आ, इ, उ या स्वरांची बरीचशी ऊर्जा खालच्या भागात असते. ‘स’, ‘श’ यांची सळसळ मात्र वरच्या भागात, ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही वर असते. महाप्राण वर्णांतला हकार हा तर नुसता हवेचा हलका झोत असतो. तो खरखरीत आधी हरवतो.

आता मध्यम लहरींची व्यवस्था पहा. भारतात या लहरींवर दोन शेजारी केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर ठेवलेलं असतं. आवाज लहरीवर चढवला की तिच्या दोन्ही बाजूंना पट्टे तयार होतात. शेजाऱ्याच्या हद्दीत फारसं न शिरता प्रत्येक बाजूला साधारण साडेचार किलोहर्ट्झ जागा मिळते. म्हणजे आवाजाचा वरचा भाग बराचसा कापला जातो. जुन्या टेलिफोनची जागा तर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच होती. तरीही टेलिफोनवर आपण व्यवहार केलेच. याचं कारण ऐकण्याचं अर्धं काम कान करतो आणि उरलेलं संदर्भ करतो. ‘पावसाची शक्यता आहे’ या वाक्यातला ‘स’ पुसट आला तरी श्रोता तो मनात भरून घेतो. तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांची झळाळी मात्र अशी भरून घेता येत नाही. म्हणून मध्यम लहरींवर गाणं थोडं मिणमिणतं वाटतं, बोलणं मात्र जवळजवळ शाबूत पोचतं. या लहरी मुख्यतः बोलण्यासाठीच सोयीच्या आहेत असं म्हटलं तरी चालेल.

बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके वाजतात. ही पद्धत बी.बी.सी.ने ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुरू केली. रेडिओ लहर सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. म्हणजे १५० किलोमीटरवरच्या गावात ठोका अर्ध्या मिलिसेकंदात पोचतो आणि घड्याळ लावायला तो बिनचूकच असतो. मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून तेच केंद्र ऐकलं तर ठोका काही सेकंद उशिरा येतो. अ‍ॅपसाठी आवाजाचे आकड्यांत तुकडे करतात, ते जाळ्यातून पाठवतात, आणि मध्येच आवाज तुटू नये म्हणून फोन थोडा साठा करून मगच वाजवायला लागतो. तेव्हा अ‍ॅपवरच्या ठोक्यावर घड्याळ लावू नये.

दुपार : जमिनीलगतचा प्रवास

पूर्वी निवेदक केंद्राचा पत्ता दोन प्रकारे सांगत : इतके मीटर म्हणजे इतके किलोहर्ट्झ. पुणे केंद्राचा ७९२ किलोहर्ट्झ हा आकडा कित्येकांच्या कानात अजून असेल. ३,००,००० ला ७९२ ने भागलं तर ३७८.८ येतात. ही झाली मीटरमधली तरंगलांबी. वर्गात वेग, वारंवारता आणि तरंगलांबी यांचा संबंध शिकवताना याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही.

पावणेचारशे मीटर लांबीच्या लहरीला एखादी टेकडी म्हणजे फार मोठा अडथळा नसतो. ती टेकडीच्या कडेनं वळते आणि जमिनीला धरून पुढे सरकते. एफ. एम.ची तरंगलांबी मात्र सुमारे ३ मीटर असते. ती बरीचशी सरळ रेषेत जाते आणि डोंगराआडच्या गावावर तिची जणू सावली पडते. सह्याद्रीच्या घाटांत ही सावली ठिकठिकाणी सापडते.

जमिनीलगत जाणारी लहर जमिनीतच थोडी थोडी जिरत जाते. कोरड्या, खडकाळ जमिनीत ती लवकर जिरते, ओल्या जमिनीत कमी. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक असल्यामुळे समुद्रावर ती सर्वांत दूर जाते. किनाऱ्यावरच्या केंद्राचा हवामानाचा इशारा होडीत बसलेल्या कोळ्यांना लांबवर ऐकू येतो तो यामुळे.

पण लहर फक्त जमिनीलगत जात नाही, ती वरही जाते. दुपारी तिचं तिथे काय होतं? सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागातल्या अणुरेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. या भागाला आयनांबर म्हणतात. त्याचा सर्वांत खालचा थर, ‘डी’ थर, साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. तिथे हवा त्यामानाने दाट आहे. लहर आली की सुटे इलेक्ट्रॉन तिच्यासोबत थरथरतात, पण लगेच शेजारच्या रेणूंवर आदळतात. लहरीची ऊर्जा अशी उष्णतेत खर्च होऊन जाते. म्हणून दुपारी वर गेलेला आवाज परत येत नाही आणि दूरची केंद्रं ऐकू येत नाहीत.

संध्याकाळ : दीडशे गावांतला प्रयोग

संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागतो. समजा लहर गावात व्यवस्थित पोचली. संच चालू आहे, माणसं बसली आहेत. एवढ्यानं माहिती पोचली असं म्हणता येईल का?

हा प्रश्न महाराष्ट्रातच, शास्त्रीय पद्धतीनं, तपासला गेला आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या ५ मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यासाठी निवडली. प्रत्येक गावात श्रोत्यांचं एक मंडळ तयार केलं. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. मंडळानं एकत्र बसून ऐकायचं, मग ऐकलेल्यावर चर्चा करायची, आणि जमेल ते करून पाहायचं अशी पद्धत होती. मंडळांच्या शंका केंद्राकडे येत आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरं मिळत. अशी मंडळं १९४० च्या दशकात कॅनडात चालली होती, तिथून ही कल्पना आली होती.

परिणाम मोजण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं. पॉल नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांनी केलेली रचना विज्ञानशिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. मंडळं असलेल्या काही गावांतल्या लोकांच्या माहितीची चाचणी प्रयोगाच्या आधी आणि नंतर घेतली. त्याबरोबरच तुलनेसाठी मंडळं नसलेली गावं घेतली, आणि त्यातही दोन प्रकार ठेवले : रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली.

हे दोन प्रकार कशासाठी? नुसतं मंडळाच्या गावांत मोजलं असतं तर वाढलेली माहिती रेडिओमुळे, चर्चेमुळे की त्या काळात गावात आलेल्या आणखी कशामुळे, हे सांगता आलं नसतं. रेडिओ नसलेलं गाव ‘आणखी कशामुळे’चं उत्तर देतं. रेडिओ आहे पण मंडळ नाही असं गाव, नुसत्या ऐकण्यानं किती होतं ते सांगतं.

निष्कर्ष स्पष्ट होता. मंडळं असलेल्या गावांत माहिती खूप वाढली. मंडळं नसलेल्या गावांत ती जेमतेम वाढली, मग तिथे रेडिओ असो वा नसो. म्हणजे लहर पोचणं आवश्यक होतं, पण पुरेसं नव्हतं. ऐकलेल्यावर चार माणसांनी बोलणं, शंका विचारणं आणि त्याला उत्तर मिळणं, यामुळे ते डोक्यात राहिलं. पुढे १९५९ पासून ही योजना देशाच्या इतर भागांतही नेली गेली.

फळ्यासमोर उभं राहून पाऊण तास सलग बोलणारे आपण आणि मंडळ नसलेल्या गावातला रेडिओ, यांत फरक किती, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

रात्र : आकाशातला आरसा

सूर्य मावळला की ‘डी’ थर झपाट्यानं विरतो. तिथली हवा दाट असल्यामुळे सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन पुन्हा चटकन एकत्र येतात. त्यावरच्या विरळ हवेतले थर मात्र रात्रीही काही प्रमाणात टिकून राहतात. आता वर गेलेली लहर वाटेत जिरत नाही. ती वरच्या थरापर्यंत जाते, वळते आणि शेकडो किलोमीटर दूर जमिनीवर परत उतरते. दुपारी मुका असलेला संच रात्री दूरदूरच्या केंद्रांनी बोलू लागतो.

आकाशात असा थर असावा हा तर्क १९०२ साली केनेली आणि हेव्हिसाइड यांनी स्वतंत्रपणे मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी मार्कोनीचा संदेश अटलांटिकपार गेला होता आणि पृथ्वी गोल असताना लहर तिकडे गेली कशी हे कोडं होतं. पुरावा १९२४ च्या डिसेंबरात मिळाला. एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी त्यासाठी बी.बी.सी.चं बोर्नमथचं प्रक्षेपण केंद्रच वापरलं. दिवसाचे कार्यक्रम संपल्यावर, मध्यरात्रीनंतर, प्रक्षेपकाची वारंवारता हळूहळू बदलत ठेवली आणि ऑक्सफर्डला येणाऱ्या लहरी कशा कमीजास्त होतात ते मोजलं. जमिनीवरून आलेली आणि वरून परतलेली अशा दोन लहरी कधी एकमेकींत मिळत, तर कधी एकमेकींना खोडत. त्यावरून थराची उंची काढता आली. या संशोधनासाठी त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळालं. भारतात कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रा यांनी याच विषयात मोठं काम केलं.

रात्री रेडिओचा आवाज मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा होतो. अ‍ॅपलटन यांनी मोजलेलीच ही गंमत आहे.

या रात्रीच्या आरशाचा उपयोग आपल्याकडे मुद्दाम करून घेतला गेला. १९८८ साली आकाशवाणीनं ‘राष्ट्रीय वाहिनी’ ही रात्रीची सेवा सुरू केली. देशाच्या मध्यावर, नागपूरला, १,००० किलोवॉटचा प्रक्षेपक १,५६६ किलोहर्ट्झवर चालवला जाई. दिवसा एवढ्या शक्तीचाही आवाज मर्यादित भागात राहिला असता. रात्री तो देशाच्या बहुतेक भागांत उतरे. २०१९ च्या सुरुवातीला ही वाहिनी बंद झाली. ठिकठिकाणचे मध्यम लहरींचे इतर काही जुने प्रक्षेपकही बंद झाले आहेत.

एफ. एम. आणि अ‍ॅप यांचा आवाज स्वच्छ असतो, विजेचा खर्च कमी येतो, म्हणून बदल होणारच. पण त्याची किंमतही मांडायला हवी. मोबाईलला जवळ चालू असलेला मनोरा लागतो. वादळात, पुरात मनोरे आणि वीज एकदमच जाऊ शकतात. अशा वेळी दोन सेलवरचा ट्रान्झिस्टर आणि लांबच्या जिल्ह्यातला, वादळाच्या टप्प्याबाहेरचा प्रक्षेपक एवढ्यावर बोलणं चालू राहू शकतं. ही सोय मोडताना तिच्या जागी तेवढीच खात्रीची दुसरी कोणती, हे विचारणं रास्त आहे.

वर्गात करून पहा

१. एकच केंद्र रेडिओवर आणि अ‍ॅपवर एकाच वेळी लावा. दोन ठोक्यांमधलं अंतर घड्याळावर मोजा. वेगवेगळ्या फोनवर ते सारखं येतं का?

२. तुमच्याकडे मध्यम लहरी ऐकू येत असतील, तर दुपारी, सूर्यास्ताला आणि रात्री ९ वाजता ऐकू येणारी केंद्रं मोजा. आठवडाभराची नोंद ठेवून आलेख काढा.

३. वर्गाचे तीन गट करा. पहिल्याला १० मिनिटांचं भाषण ऐकवा. दुसऱ्याला तेच ऐकवून १० मिनिटं चर्चा करू द्या. तिसऱ्याला काहीच ऐकवू नका. आठवड्यानं तिन्ही गटांना तेच १० प्रश्न द्या. तिसरा गट कशाला हवा, हे उत्तरं तपासण्याआधी मुलांनाच विचारा.