अरबी वाद्यसंगीत आणि कैरोतील बैठक

अरबी संगीत म्हटले की उम्म कुलसूमचे गाणे आठवते. वाद्यांकडे आपले लक्ष जात नाही. वास्तविक त्या संगीताचे मर्म ऊद, कानून अथवा नाय यांच्या ‘तक्सीम’मध्येही तितकेच आहे. एकट्या वादकाने, बहुधा तालावाचून, एखादा ‘मकाम’ आयत्या वेळी उलगडणे म्हणजे तक्सीम. आपल्या आलापीशी त्याचे नाते जोडण्याचा मोह आम्हांसही होतो.

‘रास्त’ मकामाचा गंधार घ्या. तो शुद्ध नव्हे आणि कोमलही नव्हे. दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो, आणि कैरोचा वादक जेथे लावील तेथेच अलेप्पोचा लावील असेही नाही! ऊदला पडदे नसल्याने बोट तो शोधून काढते. कानूनच्या तारांखाली त्यासाठी बारीक खिट्ट्या असतात. पियानोत मात्र त्याला जागाच नाही. म्हणून १९३२ साली कैरोच्या संगीत परिषदेत, बार्टोकसारख्या पाहुण्यांदेखत, पियानो अरबी संगीतात घ्यावा की नाही यावर वाद झाला.

हा गंधार ध्वनिमुद्रिकेतही ऐकू येतो. पण वादक ‘कफला’ घेऊन थांबला, की श्रोत्यांतून ‘अल्ला!’ अशी दाद उठते, आणि तिच्यावर त्याची पुढली वाट ठरते. ते ऐकायला समोरच बसावे लागते. परिषद भरली ती अरब संगीत संस्थेची वास्तू कैरोच्या रामसेस रस्त्यावर आहे. ऊद शिकवणारे ‘बैत अल-ऊद’ अल-अझर मशिदीमागील हर्रावी वाड्याशी जोडलेले आहे. मोठ्या नाट्यगृहापेक्षा आम्ही अशा वाड्याचा चौकच पसंत करू. तेथे वादकालाही श्रोत्याचा श्वास ऐकू येतो.