फोर्कलिफ्टची किल्ली हाती घेण्यापूर्वी

शेलू स्टेशनातून पहाटेच्या लोकलने कल्याण गाठून पुढे भिवंडीला जाणारी आपली अनेक मुले गोदामात हेल्पर म्हणून लागतात. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, २०१७ साली जीएसटी आला. गोदामे मोठी आणि उंच होत गेली. हमालाच्या पाठीवरचा माल आता फोर्कलिफ्ट उचलते. पाठीचे ओझे उतरले हे चांगलेच झाले. पण एका यंत्राने अनेकांचे काम घेतले, हेही खरे. म्हणून हे यंत्र आपल्या मुलांना नीट यावे, असे आम्हाला वाटते.

सर्वांत साधी ती हँड पॅलेट ट्रॉली. दांडा वरखाली करताच पॅलेट जमिनीपासून थोडे उचलले जाते आणि ओढून नेता येते. स्टॅकर तेच पॅलेट कमी उंचीच्या रॅकवर चढवतो. ट्रक भरण्या-उतरवण्याला काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट लागते. पुढे माल, मागे लोखंडाचे जड वजन, असा तिचा तराजू असतो. डिझेलची गाडी उघड्या आवारात ठीक. बंद गोदामात तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो, म्हणून तेथे बॅटरीची गाडी हवी. अरुंद गल्ली आणि उंच रॅक असेल तर रीच ट्रक वापरतात. तिचे काटे पुढे सरकून माल ठेवतात. ऑर्डर पिकरमध्ये चालक स्वतःच वर जाऊन सुटे खोके काढतो. त्याने सुरक्षा पट्टा अडकवलाच पाहिजे.

यंत्रावरची पाटी वाचायला शिकावे. ‘दोन टन’ म्हणजे कसाही दोन टन माल नव्हे. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांत हा आकडा मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असताना लागू होतो. पेटी लांब असली की मध्य पुढे जातो, ताकद घटते आणि मागची चाके उचलली जातात. अशा वेळी मागे दोन पोरे उभी करून वजन साधणे म्हणजे मरणाला आमंत्रण!

चालताना काटे जमिनीपासून वीतभरच वर ठेवावेत. चढ-उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला असावा. वर उचललेल्या मालाखाली कोणी उभे राहू नये. चालकाने बसताच पट्टा बांधावा. गाडी उलटू लागली तर उडी मारू नये. उडी मारणाराच छपराखाली चिरडतो. स्टिअरिंग घट्ट धरून, पडत्या बाजूच्या उलट झुकून बसावे. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. तेथे बिडी पेटवू नये.

“सोपं आहे रे, चालव,” असे म्हणून मुकादम हेल्परच्या हाती किल्ली देतो. काम ऑपरेटरचे, पगार मात्र हेल्परचाच! अपघात झाला की प्रश्न येतो, “तुला कोणी सांगितलं होतं?” हमालांना १९६९ चा माथाडी कायदा संघटनेच्या बळावर मिळाला, आपोआप नव्हे. म्हणून आधी प्रशिक्षण आणि त्याचे प्रमाणपत्र, नोंदीत ऑपरेटरचा हुद्दा आणि त्या हुद्द्याचा पगार मागावा. मगच किल्ली घ्यावी. घरच्या माऊलीनेही मुलाला विचारावे, “बाळा, शिकून चालवतोस ना?”